राहतं कोण इथे?

कोलोंज-ला-रूज या गावाचा आधी रंग दिसतो, घरं मागाहून. लोहमिश्रित वालुकाश्मात बांधलेलं सगळं गाव. भिंती, बुरूज, कमानी, चर्चचा मनोरा, अंगणातल्या विहिरीचा काठसुद्धा त्याच गडद तांबड्या दगडाचा. फ्रान्सच्या नैर्ऋत्येला, कोरेझ जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला हे गाव आहे आणि तिथे पाचशेच्या आसपास माणसं राहतात. ऑगस्टातल्या दुपारी गल्लीत त्याहून जास्त पाहुणे फिरत असतात.

फ्रान्समधली देखणी गावं आज ज्या पाटीमुळे ओळखली जातात, त्या पाटीचा जन्म इथला. १९८१ साली 'रीडर्स डायजेस्ट'च्या फ्रेंच शाखेने देशातल्या सर्वांत सुंदर गावांचं एक सचित्र पुस्तक काढलं. कोलोंजचे तेव्हाचे मेयर शार्ल सेराक यांना ते पाहून एक कल्पना सुचली. पुस्तकात एकत्र आलेल्या या गावांनी प्रत्यक्षातही एकत्र यावं, आपल्या दगडमातीची राखण करावी आणि त्यातून गावाला चार पैसे मिळवून द्यावेत, अशी ती कल्पना. ६ मार्च १९८२ रोजी ओव्हेर्न्यच्या डोंगरातल्या सालेर या गावी ६६ मेयर जमले आणि 'फ्रान्समधील सर्वांत सुंदर गावे' ही संघटना उभी राहिली. सभासद व्हायचं तर गावची वस्ती दोन हजारांच्या आत हवी, किमान दोन संरक्षित वास्तू किंवा स्थळं हवीत आणि गावाच्या सभेने तसा ठराव केलेला हवा. पाटी मिळाली म्हणजे कायमची मिळाली असंही नाही. पुन्हा तपासणी होते आणि काही गावांची पाटी उतरलेलीही आहे. आज यादीत पावणेदोनशेहून अधिक गावं आहेत.

या सेराक घराण्याचा एक धागा भारतात येतो. शार्ल यांचे बंधू पियेर सेराक हे येशूसंघी धर्मगुरू. कोलोंजला लागून असलेल्या मेसाक गावी १९१४ साली जन्मलेल्या या माणसाने आयुष्याचा मोठा काळ तामिळनाडूत काढला, तिथल्या गरिबांसाठी आणि अनाथ मुलांसाठी वेचला आणि २०१२ साली चेन्नईतच देह ठेवला. एका भावाने जन्मगावाच्या परिसराची राखण केली, दुसऱ्याने हजारो मैलांवरच्या लोकांना आपलं मानलं. कोलोंजच्या चौकात उभी राहून मी हे आईला सांगत होते. तिने ऐकून घेतलं, कमानीवरच्या द्राक्षवेलीकडे पाहिलं, बंद झडपांच्या घरांकडे पाहिलं आणि विचारलं, "सगळं झकास आहे गं. पण इथे राहतं कोण?"

आम्ही श्टुटगार्टला राहतो. आई पुण्याहून उन्हाळ्यासाठी आली होती. नवरा, मी, कॉलेजच्या उंबरठ्यावर आलेली लेक, दहा वर्षांचा मुलगा आणि आई, असा आमचा जथा. पॅरिसच्या ऑस्तरलित्झ स्थानकातून गाडी पकडून लिमोझला उतरलो आणि तिथून भाड्याची मोटार घेऊन दक्षिणेकडे निघालो. बेत साधा होता: मोठी शहरं टाळायची, कोरेझ, दोर्दोन्य आणि लोत या तीन जिल्ह्यांतली गावं पाहायची, एक घर भाड्याने घेऊन तिथून रोज कुठेतरी जायचं. आईच्या त्या प्रश्नाने बेताला दिशा मिळाली. नंतरच्या प्रत्येक गावात आम्ही किल्ल्याआधी शाळा, बेकरी आणि मेयरची कचेरी शोधू लागलो.

प्रश्नाचं पहिलं उत्तर जनगणनेत आहे. १८५१ साली लोत जिल्ह्यात सुमारे दोन लाख शहाण्णव हजार माणसं होती. आज पावणेदोन लाख आहेत. दोर्दोन्य जिल्हा तेव्हा पाच लाखांवर होता, आज सव्वाचार लाखांच्याही आत आहे. मधल्या काळात फ्रान्सची लोकसंख्या कितीतरी वाढली, हे लक्षात घेतलं म्हणजे या भागातून किती माणूस निघून गेला याची कल्पना येते. रेल्वे आली आणि नदीवरची वाहतूक बसली, नावाडी आणि बंदरावरचे हमाल बेकार झाले. १८७०नंतर फायलोक्सेरा नावाच्या सूक्ष्म किडीने द्राक्षवेलींची मुळं खाऊन टाकली. काओर शहराच्या आसपासचे मद्यासाठी प्रसिद्ध असलेले मळे ओस पडले. अमेरिकन मुळांवर फ्रेंच वेलींची कलमं बांधून यातून वाट निघाली खरी, पण तोवर तरुण मंडळी पॅरिस आणि बोर्डोच्या वाटेला लागली होती. काओरचे मळे जेमतेम सावरले तर फेब्रुवारी १९५६च्या कडाक्याच्या थंडीत पुन्हा गोठून गेले.

उरलेलं उत्तर प्रत्येक गावाच्या चौकात कोरलेलं आहे. कितीही लहान गाव असो, चर्चसमोर किंवा मेयरच्या कचेरीसमोर एक स्तंभ असतोच आणि त्यावर १९१४ ते १९१८ या वर्षांत मारल्या गेलेल्या गावकऱ्यांची नावं. पहिल्या महायुद्धात फ्रान्सचे तेरा लाखांहून अधिक सैनिक गेले. पायदळात मोठा भरणा शेतकऱ्यांच्या पोरांचा, त्यामुळे खेड्यांवरचा घाव सर्वांत खोल. लेक नावं वाचू लागली की एकच आडनाव दोनदा, तीनदा येई. भाऊ असतील, चुलतभाऊ असतील. ज्या वाडीत आज डझनभर माणसं राहत नाहीत तिथल्या स्तंभावर वीस-वीस नावं पाहिली आणि शेतं कुणाअभावी पडीक राहिली ते समजलं.

अशा नावांत आपलीही नावं आहेत, मात्र ती इथून दूर, फ्रान्सच्या उत्तर टोकाला. २८ ऑक्टोबर १९१४ रोजी नव-शापेल गावावर जो हल्ला झाला त्यात ४७व्या शीख पलटणीच्या जोडीला खडकीच्या बॉम्बे सॅपर्सच्या दोन कंपन्या होत्या. सुरुंग लावणं आणि पूल बांधणं हे ज्यांचं काम, ते त्या दिवशी संगिनी घेऊन घरोघर लढले आणि त्यांची जबर हानी झाली. त्या गावी १९२७ साली उभारलेल्या स्मारकाच्या गोल भिंतीवर ४,७०० हून अधिक भारतीय सैनिकांची आणि कामगारांची नावं आहेत. पुण्यात राहून खडकीवरून रोज जाणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल? आईला नव्हतं. मलाही शाळेत कुणी शिकवलं नव्हतं.

आमच्या वाटेवर एक गाव असं आहे की जे बघायला जाणं हा सुट्टीचा भाग म्हणावा का, याचा आम्ही आधी पुष्कळ विचार केला. लिमोझपासून वीसेक किलोमीटरवर ओरादूर-स्यूर-ग्लान आहे. १० जून १९४४, शनिवार. नॉर्मंडीत दोस्तांचं सैन्य उतरून चार दिवस झाले होते. 'दास राइख' या जर्मन एस.एस. डिव्हिजनच्या तुकडीने दुपारी गावाला वेढा घातला. पुरुषांना गोठ्यांत आणि कोठारांत नेऊन गोळ्या घातल्या, बायकामुलांना चर्चमध्ये कोंडून ते पेटवलं. चर्चमधून मार्गरित रुफांश ही एकच बाई खिडकीतून उडी टाकून वाचली. एकूण ६४३ माणसं मारली गेली. त्यांत आल्सास-लोरेनच्या सीमाभागातून हलवून सुरक्षित म्हणून इथे आणलेली कुटुंबंही होती. पुढे फ्रान्सचे तेव्हाचे सरकारप्रमुख द गॉल यांनी ठरवलं की हे अवशेष असेच ठेवायचे, आणि नवं ओरादूर शेजारी वसवलं गेलं. आजही ट्रामचे रूळ रस्त्यात आहेत, छप्पर नसलेल्या घरांत गंजलेली शिवणयंत्रं आहेत, सायकलीच्या चौकटी आहेत, जागच्या जागी गंजत गेलेल्या मोटारी आहेत. लेक सगळीकडे आली. मुलाला आम्ही चर्चमध्ये नेलं नाही, त्याचा बाबा त्याला घेऊन बाहेर थांबला.

यापुढची हकिकत मला तितकीच महत्त्वाची वाटते. १९५३ साली बोर्डोला खटला चालला. आरोपींमध्ये आल्सासचे तरुणही होते; त्यांतले एक सोडून बाकी सगळे जर्मनांनी सक्तीने भरती केलेले. शिक्षा सुनावल्यावर आल्सासमध्ये प्रक्षोभ उसळला आणि देशाची एकी टिकावी म्हणून संसदेने आठवड्याभरात या सक्तीने भरती झालेल्यांना माफी दिली. ओरादूरने सरकारने दिलेले मानसन्मान परत केले आणि पुढे कित्येक वर्षं सरकारी प्रतिनिधींना आपल्या स्मृतिदिनाला येऊ दिलं नाही. एवढंसं गाव, पण ते संसदेसमोर ताठ उभं राहिलं. पुरुषांच्या हत्याकांडातून वाचलेल्यांपैकी शेवटचे रोबेर एब्रास २०२३ साली, ९७व्या वर्षी वारले. गाव राखायचं तर काय म्हणून राखायचं, याचं ओरादूरने दिलेलं उत्तर इतर सर्व गावांहून वेगळं आहे. ते पाहिल्यावर पुढच्या देखण्या गावांकडे आम्ही नुसत्या हौसेने पाहू शकलो नाही.

आमचं घर दोर्दोन्य जिल्ह्यातल्या सार्लापासून थोड्या अंतरावर, अक्रोडाच्या बागेला लागून होतं. अशा भाड्याच्या ग्रामीण घरांना 'झीत' म्हणतात आणि त्यांच्यामागे एक धोरण आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर शेतकरी गाव सोडत होते, घरं पडत होती, तर शहरातल्या कामगाराला १९३६पासून पगारी रजा मिळू लागली होती पण हॉटेल परवडत नव्हतं. आल्प्सच्या दक्षिण भागातल्या एका सिनेटरने, एमिल ओबेर यांनी, या दोन गरजांची सांगड घातली. शेतकऱ्याने पडीक घर किंवा कोठार दुरुस्त करावं, त्यासाठी त्याला मदत मिळावी आणि उन्हाळ्यात ते शहरी कुटुंबाला माफक भाड्याने द्यावं. पहिलं झीत १९५१ साली उघडलं आणि १९५५ साली त्यांचा राष्ट्रीय महासंघ झाला. आमची घरमालकीण सत्तरीची होती. ती राहत होती ती मुख्य इमारत. आम्हाला दिलेल्या भागात पूर्वी तंबाखू वाळवत असत. या खोऱ्यात तंबाखू मोठं पीक होतं आणि काळ्या लाकडी फळ्यांची, उंच, हवेशीर कोठारं अजून शेताशेतांत उभी आहेत. पीक जवळजवळ संपलं, कोठारं उरली.

तिच्याशी आईची गट्टी अक्रोडांवरून जमली. भाषा लेकीची, शाळेत शिकलेली. पेरिगोर हे दोर्दोन्य भागाचं जुनं नाव; पेरिगोरच्या अक्रोडाला २००२पासून उत्पादनस्थळाचा संरक्षित दर्जा आहे. पूर्वी अक्रोडाचं तेल खाण्यात असे आणि दिव्यातही. अक्रोड फोडणं हे हिवाळ्याच्या रात्रींचं बायकांचं काम: मांडीवर सपाट दगड किंवा फळी, हातात लाकडी हातोडी आणि आतला गर न मोडता अख्खा काढायचा. यंत्रं आली तरी अख्ख्या गरासाठी अजून काही ठिकाणी हातानेच फोडतात. मालकिणीने आपली हातोडी आणून दाखवली. आईने एकदोन फोडले आणि तिसऱ्याला गर सबंध काढला. दोघी बराच वेळ बसल्या होत्या.

जेवणाचं मात्र नीट पाहावं लागलं. आई शाकाहारी आणि हा मुलूख बदकाचा. इथे बटाटासुद्धा बेसावध खाऊ नये: सार्लाच्या पद्धतीचे लसणीचे बटाटे बदकाच्या चरबीत परततात, लसणीच्या सारालाही बहुधा तीच फोडणी असते. विचारून घेतलं तर वाट निघते. रोकामादूरचं बकरीच्या दुधाचं तळहाताएवढंही नसलेलं मऊ चीज, अक्रोडाचं तेल शिंपडलेली कोशिंबीर, रानातल्या अळंब्या, अक्रोडाचा केक. फ्वा-ग्रा या इथल्या अभिमानाच्या पदार्थाबद्दल माझं मत मी लपवत नाही. बदकाच्या घशात नळी घालून मका भरवून त्याचं यकृत फुगवायचं, ही रीत मला पटत नाही. शेतकऱ्याचं पोट त्यावर आहे हे मालकिणीने सांगितलं तेही मी ऐकलं. पटलं नाही तरी तिचं म्हणणं खोटं नव्हतं.

ब्रेड आणायला मुलगा आणि त्याचा बाबा रोज सकाळी जात. आमच्या गावात बेकरी नव्हती. चर्चच्या भिंतीशी एक यंत्र होतं, नाणं टाकलं की त्यातून 'बागेत' हा लांबुळका फ्रेंच ब्रेड येई. बेकरी हवी असेल तर पुढच्या गावी. फ्रान्समध्ये बेकरी या नावाला कायद्याची राखण आहे: जिथे कणीक मळून तिथेच भाजली जाते त्याच दुकानाला ते नाव लावता येतं. १९९३च्या फर्मानाने पारंपरिक ब्रेडमध्ये काय घालावं आणि काय घालू नये हेही ठरवून दिलं. २०२२ साली युनेस्कोने या 'बागेत' ब्रेडची कारागिरी जगाच्या अमूर्त वारशात घेतली. आणि तरीही छोट्या गावात बेकर मिळेना झालाय, कारण पहाटे दोनला उठणारं माणूस आणि ब्रेड विकत घेणारी पुरेशी माणसं, दोन्ही लागतात. दोन सकाळींनंतर मुलगा यंत्राकडे जाईना, त्याला पुढच्या गावची बेकरीवाली आवडली होती.

सार्लाला आम्ही शनिवारच्या बाजाराला गेलो. हे गाव नव्हे, लहानसं शहर आहे, पण जुन्या वस्त्यांच्या राखणीचा कायदा ज्या पहिल्या काही ठिकाणी लागला त्यांतलं हे एक, म्हणून इथे थांबायला हवं. मध्ययुगातलं पिवळसर दगडाचं सार्ला विसाव्या शतकाच्या मध्याला मोडकळीला आलं होतं. सांस्कृतिक मंत्री आंद्रे मालरो यांनी ४ ऑगस्ट १९६२ रोजी जो कायदा आणला, त्याने एकट्या-दुकट्या इमारतीऐवजी सबंध जुनी वस्ती संरक्षित करता येऊ लागली, आणि १९६४पासून सार्लात काम सुरू झालं. घरांवरच्या चुनखडी दगडाच्या फरशांची छपरं पाहावीत: एका चौरस मीटरचं वजन अर्ध्या टनाच्या वर जातं, त्यामुळे खालची लाकडी चौकट जहाजासारखी भक्कम लागते आणि ती बांधणारे सुतार आता थोडे आहेत. एका जुन्या चर्चमध्ये आता बंदिस्त मंडई भरते. वास्तुकार झां नुव्हेल यांचं बालपण या शहरात गेलं. त्यांनी त्या चर्चला सुमारे १५ मीटर उंचीचे पोलादी दरवाजे बसवले. दरवाजे उघडे, आत टोमॅटो, चीज, मध, आणि वर गॉथिक कमानी. आईला हे फार आवडलं. वास्तू बंद ठेवून जपण्यापेक्षा तिच्यात भाजी विकावी, असं तिचं स्पष्ट मत.

दोर्दोन्य नदीच्या काठचे बेनाक आणि कास्तेलनो हे समोरासमोरचे किल्ले, शतवार्षिक युद्धातली फ्रेंच आणि इंग्रज ठाणी, आम्ही भराभर पाहिले. मुलाला दगड फेकणारी लाकडी यंत्रं बघायची होती ती कास्तेलनोत बघून झाली. ला रोक-गाजाक हे गाव कड्याच्या कुशीत इतकं घट्ट बसलंय की सुंदर दिसतं आणि भीतीही वाटते. १९५७ साली कड्याचा तुकडा कोसळून घरं गाडली गेली आणि तीन माणसं मेली. मिलांदच्या गढीत मात्र जरा रेंगाळलो, कारण ती जोसेफिन बेकर यांची. अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या गरीब कृष्णवर्णीय घरातली ही नर्तकी पॅरिसची लाडकी झाली, युद्धात त्यांनी फ्रान्सच्या प्रतिकार चळवळीसाठी हेरगिरी केली आणि १९४७ साली ही गढी विकत घेऊन वेगवेगळ्या वंशांची, धर्मांची बारा मुलं दत्तक घेऊन इथे वाढवली. माणसं एकत्र राहू शकतात हे दाखवायचं म्हणून. पैसा संपला, १९६९ साली त्यांना घराबाहेर काढण्यात आलं. २०२१ साली फ्रान्सने त्यांना पाँतेओंमध्ये, राष्ट्राच्या थोरांत, स्थान दिलं. लेकीने तिथे सर्वांत जास्त वेळ काढला.

मोंतिन्याकजवळची लास्कोची गुहा १२ सप्टेंबर १९४० रोजी चार पोरांनी धुंडाळली. फ्रान्स शरण जाऊन तीन महिनेही झाले नव्हते. त्या चौघांतल्या लहानांपैकी एक, सिमों कोएंकास, ज्यू होता. पुढे त्याचे आईवडील आउशविट्झला मारले गेले, तो वाचला आणि २०२० साली वारला. १९४८ साली गुहा लोकांना खुली झाली आणि रोज हजारावर माणसं आत जाऊ लागली. त्यांच्या श्वासाने सतरा हजारांहून अधिक वर्षं टिकलेल्या चित्रांवर हिरवं शेवाळ चढू लागलं. १९६३ साली मालरो यांनीच गुहा बंद केली. आज आपण पाहतो ती २०१६ साली डोंगराच्या पायथ्याशी उघडलेली प्रतिकृती. खोटी गुहा बघायला एवढ्या लांब कशाला, असं मुलगा कुरकुरत होता. आत शिरल्यावर काळ्या-तांबड्या बैलांखाली गप्प झाला. मला ती प्रतिकृती मनापासून पटली. ज्यावर आपलं प्रेम आहे त्यापासून लांब राहायची तयारी एका देशाने कायद्याने दाखवली, हे मला फार मोठं वाटतं.

आणि मग मोंपाझिये. गुरुवारचा बाजार. या सहलीतलं माझं सर्वांत लाडकं गाव. १२८४ साली इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड, जो आक्वितेनचा ड्यूकही होता, त्याने हे वसवलं. अशा आखीव नव्या गावांना 'बास्तिद' म्हणतात. तेराव्या शतकात या सीमाभागात फ्रेंच आणि इंग्रज दोघांनीही ती वसवली. वस्तीला येणाऱ्याला सारख्या मापाचा भूखंड, काही करांतून सूट आणि ठरलेल्या मुदतीत घर बांधायची अट. सुमारे साडेसातशे वर्षांपूर्वीचं नगररचनेचं रेखाटन जमिनीवर अजून जसंच्या तसं आहे. काटकोनात छेदणारे सरळ रस्ते, मधोमध चौक, चौकाभोवती कमानींचे ओटे, एका बाजूला लाकडी खांबांची मंडई आणि तिच्यात धान्य मोजायची जुनी मापं. दोन घरांमध्ये वीतभर, हातभर फट सोडलेली. आग पसरू नये म्हणून आणि सांडपाणी वाहून जावं म्हणून. मुलगा त्या फटींतून आरपार बघत सगळं गाव हिंडला.

याच चौकात १६३७ साली ब्युफारो नावाच्या विणकराला चाकावर हाडं मोडून ठार मारलं. करांच्या ओझ्याविरुद्ध उठलेल्या शेतकऱ्यांचा तो पुढारी. जिथे त्याला मारलं तिथे आज गुरुवारी प्लम, टोमॅटो, लसणीच्या वेण्या आणि मधाच्या बरण्या मांडून शेतकरी बसतात. मोंपाझियेलाही ती 'सुंदर गावा'ची पाटी आहे, पण इथे मुलं सायकलवर होती, औषधांचं दुकान होतं, म्हाताऱ्या बायका पिशव्या घेऊन आल्या होत्या आणि भाजीवाल्याशी भाव नव्हे, तब्येतीच्या गप्पा करत होत्या. आईने कमानीखालच्या पायरीवर बैठक मारली. "इथे राहतात," ती म्हणाली.

सां-सिर्क-लापोपीबद्दल असं म्हणता येत नाही, आणि म्हणून मला त्या गावाची काळजी वाटते. लोत नदीवर शंभर मीटर उंच कड्याच्या टोकावर हे वसलंय आणि त्याहून देखणं गाव आम्ही पाहिलं नाही. इथे पूर्वी लाकूड कातणारे कारागीर राहत, दारूच्या पिंपांच्या तोट्या बनवत; खाली नदीत नावा चालत. तो धंदा बसला. १९५० साली अतिवास्तववादी कवी आंद्रे ब्रतों इथे आले, दुसऱ्या वर्षी त्यांनी घर घेतलं आणि पुढे उन्हाळे इथे काढले. २०१२ साली दूरचित्रवाणीवर फ्रेंच प्रेक्षकांनी याला आपलं सर्वांत आवडतं गाव म्हणून निवडलं. वर्षभर राहणारी माणसं दोनशेच्या आसपास, येणारे पाहुणे वर्षाला लाखोंनी. दुकानं आइस्क्रीमची, चित्रांची, दागिन्यांची. ब्रेडसाठी गाडी काढावी लागते. फ्रान्समधल्या दर दहा घरांमागे एक घर सुट्टीपुरतं उघडणारं आहे. अशा गावात हे प्रमाण कितीतरी जास्त पडतं, किमती चढतात आणि तिथल्या शिक्षिकेला, गवंड्याला घर परवडत नाही.

आईला हे समजावून सांगावं लागलं नाही. तिचं माहेर राजापूर तालुक्यातलं. तिथल्या घरांना वर्षभर कुलूप असतं आणि गणपतीला मुंबईहून चाकरमानी आले की दारं उघडतात, अंगणं सारवली जातात, पंधरा दिवसांनी पुन्हा कुलूप. इथे तो महिना ऑगस्ट. पॅरिसच्या नंबरप्लेटच्या गाड्या, उघडलेल्या झडपा, आजीच्या घरी आलेली नातवंडं. फरक असलाच तर एवढा की इथे माणूस गेल्यावरही कुणीतरी दगडांची जबाबदारी घेतली. आमच्या वाड्यांची कौलं उतरली तेव्हा कुणी घेतली नाही, असं आई म्हणाली, आणि ते म्हणताना तिला राग आला होता.

काही गावांच्या वेशीवर गावाच्या नावाची पाटी उलटी लावलेली दिसली. २०२३च्या अखेरीस दक्षिणेतल्या तार्न भागात शेतकऱ्यांनी हे सुरू केलं आणि ते देशभर पसरलं. मालाला भाव नाही, कागदपत्रांना अंत नाही, सगळं जग डोक्यावर चालतंय असं त्यांना सांगायचं होतं. पाट्या सुलट्या करायची कुणाला घाई नव्हती. पर्यटकाला सूर्यफुलं दिसतात. सूर्यफूल पेरणाऱ्याचा मुलगा शेती करणार की नाही, हा त्या उलट्या पाटीचा प्रश्न आहे.

परतण्याआधी मालकिणीने आम्हाला तिच्या गावच्या रात्रीच्या बाजाराला नेलं. हे गाव कुठल्याही यादीत नाही. चर्च साधं, किल्ला नाही. उन्हाळ्यात आठवड्यातून एका संध्याकाळी चौकात लांबच लांब टेबलं मांडतात, आसपासचे शेतकरी भट्ट्या लावतात, गावकरी आणि पाहुणे आपापली ताटं, काटे-चमचे घरून आणतात, हवं ते विकत घेऊन शेजारी शेजारी बसतात. आईसाठी भाजलेली भोपळी मिरची, बकरीचं चीज आणि तेलात तळलेले बटाटे मिळाले. तेल कुठलं हे लेकीने तीनदा विचारून घेतलं. बटाट्यांच्या कढईमागे एप्रन बांधून उभी असलेली बाई गावची मेयर निघाली. फ्रान्समध्ये पस्तीस हजारांच्या आसपास नगरपालिका आहेत, बहुतेक अशाच खेड्यांच्या, आणि त्यांच्या सभांमध्ये पाच लाख माणसं बसतात. देशाची गावं त्यांच्या हातात आहेत.

गर्दी ओसरल्यावर ती आमच्या टेबलाशी आली. आईने लेकीकरवी आपला प्रश्न विचारला, इथे राहतं कोण. मेयरबाईंनी बोटांवर मोजत सांगितलं. शाळा अजून आहे, पण शेजारच्या गावाबरोबर वाटून घेतलेली: लहान वर्ग इकडे, मोठे तिकडे, मधे बस. बंद पडलेल्या बेकरीची इमारत गावाने विकत घेतली आहे, भट्टी दुरुस्त केली आहे, वरच्या मजल्यावर राहायला घर ठेवलं आहे आणि भाडं अगदी कमी. एका तरुण जोडप्याशी बोलणं चाललंय. जोडप्याला दोन मुलं आहेत, म्हणजे शाळेचा वर्गही टिकेल. आईने भट्टी लाकडाची की विजेची ते विचारलं, भाडं किती ते विचारलं आणि ते ब्रेडच्या यंत्राचं काय करणार तेही विचारलं. यंत्र सोमवारी वापरू, मेयरबाई म्हणाल्या, बेकरलाही एक दिवस सुट्टी हवी. मग त्या टेबलं उचलायला गेल्या आणि नवरा व मुलगा त्यांच्या हाताला लागले.